विट्याच्या रस्त्यावर घेतलेला श्वास

सांगलीच्या कॉलेजातून फोन आला तेव्हा मी कराडच्या हॉस्पिटलात एका बाळाला नळीनं दूध देत होते. या कामात घाई चालत नाही. सिरिंज वर धरायची आणि दूध आपल्या वजनानं सावकाश पोटात उतरू द्यायचं. खिशात फोन थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता. दूध उतरलं, बाळाला नीट कुशीवर केलं, हात धुतले आणि बाहेर येऊन मीच फोन लावला.

"तुमची निवड झाली आहे," पलीकडून एक बाई म्हणाल्या.

मी कॉरिडॉरमध्ये चक्क उडी मारली. फरशी पुसणाऱ्या मावशी दचकल्या. "काय झालं ओ सिस्टर?" त्यांनी विचारलं.

"मावशी, मी परत शाळेत चालले!"

नवजात बाळांच्या विशेष शुश्रूषेचं ते पदव्युत्तर प्रशिक्षण होतं. नर्सिंगची पदवी घेऊन मला बरीच वर्षं झाली होती आणि त्यातली बहुतेक अशा बाळांना ऊब देणाऱ्या काचपेट्यांच्या आसपासच गेली होती. पण आमचं काम कसं, तर डॉक्टर सांगणार आणि आम्ही करणार. बाळाचा रंग बदलला की आम्हालाच आधी दिसायचा, आम्ही डॉक्टरांना बोलवायचो आणि वाट बघायचो. या शिक्षणात ती वाट बघायची वेळ आपली कशी करायची ते शिकवणार होते. बाळ तपासायचं, काय होतंय ते ओळखायचं आणि डॉक्टर पोहोचेपर्यंत उपचार आपण सुरू करायचा.

नवरा लष्करात, तेव्हा सीमेवर. मुलगी सहावीत. सासूबाई मूळच्या माण तालुक्यातल्या, पण आमच्याबरोबर कराडला राहायच्या. त्यांना कसं सांगावं याची वाक्यं मी बसमध्ये जुळवत गेले. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग जा की. इचारतीस काय?"

"पण पोरीचं?"

"पोरगी काय दूधपिती हाय? साळंला जाती, जेवती, झोपती. मी हाय न्हवं. आन् तुजा नवरा सीमंवर जातो तवा कोन इचारतं गं, घराचं काय म्हनून?"

माझी जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. मुलगी मात्र बॅग भरू लागली. माझी नव्हे, तिची. तिला वाटलं, आई हॉस्टेलवर जाणार म्हणजे आपणही जायचं.

सांगलीत विश्रामबागेत कॉलेजजवळ एक खोली मिळाली. माझ्याबरोबर शिकणाऱ्या बऱ्याच मुली माझ्यापेक्षा लहान, भराभर टिपणं काढणाऱ्या. मी पहिला आठवडा नुसती गोंधळलेली होते. बाळाच्या रक्तातल्या वायूंचे अहवाल वाचायला शिकवायचे, तेव्हा आकडे डोळ्यांसमोर नाचायचे. पण एकदा ते आकडे बोलायला लागले ना, की मला खोलीवर जाऊन कुणाला तरी सांगावंसं वाटायचं. मग मी नवऱ्याला फोन लावायचे. त्याला रेंज असली तर तो बिचारा ऐकून घ्यायचा. "म्हणजे बाळ दमलंय हे कागदावर कळतं?" त्यानं एकदा विचारलं. "कळतं!" मी इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या खोलीतल्या मुलीनं दार वाजवलं.

आमच्या मॅडम म्हणजे सांगलीजवळच्या जैन शेतकरी घरातल्या. बुटक्या, चालायला चपळ, दिवस मावळायच्या आत जेवण उरकणाऱ्या. त्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत आम्हाला रबरी बाळावर शिकवायच्या. श्वास न घेणाऱ्या बाळाच्या नाकातोंडावर मास्क बसवून, फुगा दाबून श्वास कसा द्यायचा, ते. आम्ही आत जाण्याआधी मॅडम त्या बाहुलीत काहीतरी खोडी करून ठेवायच्या. कधी तोंडात कापसाचा बोळा, कधी मान चुकीची वाकवलेली, कधी फुग्याची नळीच सुटलेली. आम्ही फुगा दाबत राहायचो आणि बाहुलीची छाती हलायची नाही.

"छाती बघा," त्या म्हणायच्या. "मशीन नंतर बघा. छाती हलली नाही तर श्वास गेला नाही, मग तुम्ही कितीही फुगे दाबा."

सुट्टीला कराडला आले की मी मुलीच्या बाहुलीवर सराव करायचे. सासूबाई एकदा म्हणाल्या, "आगं, त्या बाहुलीला किती दमवशील? तिला तरी जेवू दे." मुलगी हसून हसून लोळली.

हिवाळा सरता सरता मला पहिल्यांदा बाळ आणायला पाठवलं. माणातल्या एका छोट्या दवाखान्यात एक मुलगी दिवस भरायच्या बरीच आधी जन्मली होती. आईचा रक्तदाब खूप वाढला होता म्हणून घाईनं ऑपरेशन करावं लागलं. आईला तिथून लगेच हलवता येणार नव्हतं आणि बाळाला तिथं ठेवता येणार नव्हतं. आमच्या कॉलेजच्या हॉस्पिटलची बाळांसाठीची खास अॅम्ब्युलन्स निघाली. प्रशिक्षणाचा भाग म्हणून मी होते आणि माझ्यावर लक्ष ठेवायला मॅडम. निघताना मी काचपेटी, ऑक्सिजन, स्राव ओढून घेणारं सक्शन, सगळं तपासलं. पुन्हा तपासलं.

दवाखान्यात पोहोचलो तर दारात बाळाचे वडील उभे. दार भरून जाईल एवढा माणूस, कान मोडलेले. पैलवान आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी नमस्कार केला आणि बाजूला सरकले ते भिंतीला चिकटले. आत त्यांची मुलगी त्यांच्या तळहातात मावेल एवढी. मी तिला तपासलं, ऊब दिली, नाकाला श्वासाचा आधार लावला, पेटीत ठेवलं. पेटी आईच्या पलंगाशी नेली. आईनं काचेला बोट लावलं. तिला उठताही येत नव्हतं. "आणा हं परत," एवढंच ती म्हणाली.

पैलवान पुढं ड्रायव्हरशेजारी बसले आणि आम्ही निघालो. दुपारची वेळ होती. मायणी मागं टाकली. बाहेर उघडे माळ, कुठं कुठं मेंढरं. बाळ शांत होतं आणि मला मनातल्या मनात गाणं म्हणावंसं वाटत होतं.

आणि मग बाळ जास्तच शांत झालं.

मी मॉनिटरकडं नाही, छातीकडं बघत होते. ती थांबली होती. मी पेटीच्या झरोक्यातून हात घालून तळवे चोळले, पाठ चोळली. काही नाही. ओठ निळसर व्हायला लागले, मग मॉनिटर ओरडायला लागला. मी मॅडमकडं बघितलं. इतक्या वर्षांची सवय. त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ठेवले होते. त्या माझ्याकडं बघत म्हणाल्या, "बोल, मी काय करू?"

मग माझ्याच तोंडून शब्द आले, "गाडी थांबवायला सांगा. ठोके मोजा."

मॅडमनी ड्रायव्हरमागची काच ठोकली. गाडी रस्त्याकडेला थांबली. मी मास्क बसवला, फुगा दाबला. छाती हलली नाही. मास्क पुन्हा बसवला, मान जरा सरळ केली, दाबला. नाही. "ठोके कमी होतायत," मॅडम म्हणाल्या, तशाच शांत आवाजात, वर्गात म्हणायच्या तशा.

"सक्शन द्या."

त्यांनी नळी माझ्या हातात ठेवली. तोंडातून, नाकातून चिकट घट्ट स्राव निघाला. पुन्हा मास्क, तोंड जरा उघडं धरून. फुगा दाबला.

छाती वर आली.

एवढीशी छाती, पण मला डोंगर हलल्यासारखं वाटलं. पुन्हा दाबलं, पुन्हा वर आली. "ठोके वाढले," मॅडम म्हणाल्या. ओठांवरचा निळा रंग विरत गेला, गुलाबी आला, आणि मग त्या पोरीनं तोंड वाकडं करून एक बारीक, रागावलेला सूर काढला. मी मोठ्यानं हसले. रडतही असेन. मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली, चांगली जोरात.

पैलवान खाली उतरून मागच्या काचेतून बघत होते. त्यांचा चेहरा असा की मी दार उघडून आधी त्यांनाच सांगितलं, "रडली! ऐकलंत ना?"

"व्हय," ते म्हणाले, आणि मटकन रस्त्याकडेच्या दगडावर बसले. मेंढरं घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला होता. त्यानं त्यांना आपली पाण्याची बाटली दिली. सांगलीच्या डॉक्टरांना मी फोनवर झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "बरोबर केलंत. या." मग गाडी हलली. विटा गेलं, तासगाव गेलं, द्राक्षबागा लागल्या, आणि मी सांगलीपर्यंत त्या छातीवरून नजर काढली नाही.

पोरगी मजबूत निघाली. काही दिवसांत नाकाचा आधार निघाला, नळीनं दूध चालू झालं. आता तिला हवी होती अंगाची ऊब. आईच्या उघड्या छातीवर बाळ ठेवतात, त्यानं त्याचा श्वास, ठोके, वजन सगळं सुधारतं. पण आई अजून माणात, उपचार चालू. मी मॅडमना म्हटलं, "वडील आहेत की."

"विचार त्यांना," मॅडम म्हणाल्या.

विचारलं तर पैलवान दोन पावलं मागं सरकले. "सिस्टर, मला न्हाई जमायचं. माजं हात लय जड हायेत. काय मोडलं बिडलं तर?"

"तुम्ही काही धरायचं नाही. नुसतं बसायचं. धरते मी."

"फडात दोनशे मानसं बगत असली तरी मला काय वाटत न्हाई. पर ही..." त्यांनी काचेकडं बघितलं. "हिच्यापुढं पाय लटपटत्यात."

तरी आंघोळ करून आले. आरामखुर्चीत बसवलं, सदऱ्याची बटणं काढायला लावली. मी पोरीला उचलून त्यांच्या छातीवर उभं ठेवलं, बेडकासारखे पाय दुमडून, गाल एका बाजूला. वरून कापड गुंडाळलं. पैलवान श्वास रोखून बसले होते.

"अहो, श्वास घ्या! तुमचा ऐकून ती घेणार."

त्यांनी घेतला. छाती वर झाली, तिच्याबरोबर पोरगीही वर झाली. मॉनिटरवरचे तिचे ठोके हळूहळू संथ, एकसारखे झाले. पैलवानांनी ते बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं पण पुसायला हात हलवायची त्यांची हिंमत नव्हती, म्हणून मीच पुसलं.

मग त्यांना उठवणं अवघड झालं. रोज येऊन बसायचे. तालमीतले दोस्त भेटायला आले, काचेबाहेर चपला काढून ओळीत उभे राहिले, आणि आतून पैलवानांनी डोळ्यांनीच त्यांना दटावलं, आवाज नको. बाकीच्या बाळांचे बाप बघायचे. एक दिवस त्यातला एक, बँकेत काम करणारा, हळूच येऊन म्हणाला, "सिस्टर, मी पण बसू का?" त्या आठवड्यात आम्हाला आरामखुर्च्या कमी पडल्या. मॅडमनी कॉलेजच्या ऑफिसातल्या उचलून आणवल्या.

आई बरी होऊन आली तेव्हा पैलवान नेहमीच्या जागी होते, पोरगी छातीवर झोपलेली. आई दारात थबकली, मग पदर तोंडाला लावून हसली. "माज्या आदी तुमीच आई झालासा व्हय?"

"आता तू हो," ते म्हणाले. "मला जरा तालमीला जाऊन यायचं हाय." मी पोरगी एका छातीवरून दुसऱ्या छातीवर ठेवली. मधल्या त्या क्षणात ती माझ्या हातात होती. किती जड झाली होती! आईनं डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

पोरगी घरी गेली, आणि त्यानंतर काही महिन्यांनी माझी परीक्षाही झाली. निकाल कळवला तेव्हा नवरा फोनवर कुणालातरी ओरडून सांगत होता, "बायको पास झाली!" आणि मागून बऱ्याच जणांचा एकदम आवाज आला. सासूबाईंनी सगळ्या आळीत गूळ वाटला. कुणी विचारलं, आता सून डॉक्टर झाली का, तर त्या म्हणाल्या, "न्हाई. नर्सच हाय. पर मोठी नर्स."

कराडच्या हॉस्पिटलानं मला नव्या जबाबदारीवर घेतलं. आता प्रसूतीच्या खोलीत बाळ जन्मताना त्याला सांभाळणारं पहिलं माणूस मी. पहिल्याच दिवशी सकाळी निरोप आला, जुळी आहेत, लवकर या. मी जवळजवळ पळतच गेले. बरोबर नुकतीच नोकरीला लागलेली एक सिस्टर होती, तिला मी जाता जाता काम वाटून दिलं. ऊब देणारा दिवा लावला, मास्क हातात घेतला, टॉवेल पसरला. पहिलं बाळ आलं ते आरडाओरडा करतच. दुसरं गप्प. मी त्याला टॉवेलमध्ये घेतलं, पुसलं, पाठ चोळली, आणि बघत राहिले. त्यानं एक डोळा किलकिला केला, शिंकलं, आणि भावापेक्षा मोठ्यानं रडायला लागलं.

नवी सिस्टर टाळ्या वाजवायला निघाली होती. हातमोजे आठवून थांबली.