मापाच्या नळीतली पाण्याची रेघ

साठवलेल्या पगारातून मी सेकंडहँड गाडी घेतली आणि नारपोलीच्या एका मिस्त्रीकडून तिचं इंजिन ट्यून करून घेतलं. ते ट्युनिंग बिनइथेनॉलच्या, जास्त ऑक्टेनच्या महाग पेट्रोलसाठी होतं; इथेनॉल मिसळलेलं साधं पेट्रोल त्या इंजिनाला चालणार नव्हतं. ते फक्त ठाण्याच्या एका पंपावर मिळायचं, म्हणून मी तिथूनच भरायचे.

तिसऱ्या महिन्यात टेमघरजवळ पाय दाबला की इंजिनातून डब्यात चणे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला.

मिस्त्रीने टाकीतलं पेट्रोल मापाच्या काचेच्या नळीत घेतलं, ऐंशीच्या खुणेपर्यंत. वर वीस मिली पाणी घालून हलवलं आणि नळी ठेवून दिली. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. तळाचं पाणी वीसवर राहायला हवं होतं, ते अठ्ठावीसवर गेलं.

"मॅडम, मिलावट है. ऐसेच चलाओगे तो पिस्टन जाएगा. घरात अजून कोणी पेट्रोल भरतं काय?"

"नाही," मी तुटकपणे म्हटलं.

मला त्याचाच संशय होता. आवाज सुरू होण्याआधीच्या आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगला दोन दिवस त्याच्याकडे होती. चांगलं पेट्रोल काढून साधं भरायला कितीसा वेळ लागतो? त्याला काही बोलले नाही. तशीच एक नळी विकत घेतली आणि ठाण्याच्या पंपावर गेले. पंपवाल्याने कुरकुरत माझ्यासमोर नळीत पेट्रोल सोडलं. पाणी वीसवरच राहिलं. पंप सुटला. आता मिस्त्रीच उरला, असं धरून मी पुराव्यासाठी रोज पेट्रोलच्या काट्याचा फोटो काढू लागले.

रविवारी पप्पा नेहमीसारखे माझी गाडी घेऊन गणेशपुरीला गेले. परत आले तेव्हा काटा सकाळपेक्षा वर होता.

"पप्पा, पेट्रोल भरलंत?"

"मग? मागून आणलेलं भांडं रिकामं कोणी परत देतं काय? आई तुझी शेजारणीच्या डब्यात दोन लाडू तरी टाकते. मी दर वेळी टाकतो थोडं."

"कुठलं?"

"पेट्रोल. अजून कुठलं?"

मी समजावलं. त्यांना पटलं नाही. "तो मिस्त्री बनवतो तुला. तू इंग्लिश शाळेत शिकली, तरी कोणाच्याबी बोलण्यात येते."

मग मी ओट्यावर नळी मांडली. गाडीतलं पेट्रोल, त्यावर पाणी. पप्पा चष्मा लावून वाकले. रेघ चढली तशी म्हणाले, "पाणीच जास्त घातलंस तू."

"तुम्ही घाला."

त्यांनी दुसऱ्यांदा स्वतः मोजून घातलं, नळी उन्हात धरून बराच वेळ बघत राहिले. रेघ तेवढीच चढली.

"इंजिन गेलं काय गं?"

"माहीत नाही. उद्या उघडून बघणार."

मिस्त्रीने प्लग काढून आत कॅमेरा सोडला. पिस्टनवर बारीक टिपके उठले होते, भोक नव्हतं. पप्पा माझ्या शेजारी उभे होते. "वाचलं," मिस्त्री म्हणाला. तो टाकी रिकामी करत होता तेव्हा मी सवयीने पाळत ठेवल्यासारखी शेवटच्या थेंबापर्यंत बघत राहिले, आणि त्याला ते दिसलं. त्याने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी पुढे होऊन भरलेला कॅन उचलायला हात लावला.

परतताना पप्पा म्हणाले, "पुढच्या रविवारी गाडी लागेल. पण परत काय देऊ मग?"

"चाकांत हवा भरून आणा."

"हवेत तरी भेसळ न्हाय ना?" त्यांनी विचारलं, आणि ते हसत नव्हते.