खरवडलेली सर्कस

जुनं खेळणं समोर आलं, की आमचे पेंटर दोन्ही हात पाठीमागं बांधायचे. एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरायचे. "हात नाय लावायचा," असं स्वतःलाच बजावायचे आणि कमरेत वाकून त्या खेळण्याभोवती अर्धी प्रदक्षिणा घालायचे. छावणीच्या बाजारातल्या भंगारवाल्याला वाटायचं, गिऱ्हाईक नाखूश आहे. तो बिचारा न मागताच भाव उतरवायचा.

मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्यावर माझं औषधांचं दुकान, आणि त्याला लागून पेंटरांची पत्र्याची टपरी. नंबरप्लेटी, दुकानांच्या पाट्या, जयंतीच्या कमानी, रिक्षांच्या पाठीवरचे शेर, सगळं त्यांच्या ब्रशातून निघालेलं. पुढं फ्लेक्स आले, आणि पेंटरांना माझ्या काउंटरवर कोपर टेकून गप्पा मारायला दिवसभर वेळ मिळू लागला. त्याबद्दल फ्लेक्सवाल्यांविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही.

त्यांना नाद होता चावीवर चालणाऱ्या पत्र्याच्या सर्कसगाड्यांचा. तुमच्यापैकी ज्यांनी अशी गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पुढं इंजिन, मागं पिंजऱ्यांचे डबे. एका डब्यावर वाघ, एकावर हत्ती, एकावर माकडं, एकावर झुल्यावरची बाई, आणि शेवटी विदूषक. सगळं पत्र्यावरच छापलेलं. चावी दिली की गाडी कुरकुरत गोल फिरते. पेंटरांकडे अशा एकोणीस गाड्या होत्या.

तरुणपणी, शहरात सर्कस आली की भिंतींवरच्या जाहिराती पेंटरच रंगवायचे, आणि वर पासही मिळायचे. "एकच खेळ चौदा बार पायला मी," ते सांगायचे. "हत्ती ओळखायचा मला. लई इमानी जनावर." खरंखोटं त्या हत्तीला माहीत. पुढं सर्कस येईनाशी झाली, आली तरी जनावरं नसायची. तेव्हा पेंटरांनी पत्र्याची सर्कस जमवायला घेतली.

रविवारी दुपारी दुकानात गर्दी नसली की ते माझ्या फरशीवर एखादी गाडी सोडायचे. बीपीच्या गोळ्यांना आलेली बाई पिशवी तशीच हातात धरून उभी राहायची. "अगं बाई, आमच्या मामाकडं होती अशीच!" प्रत्येकाच्या मामाकडं होती. इतक्या मामांकडं गाड्या होत्या तर पेंटर एकोणीसवर का अडले, हा प्रश्न मी कधी विचारला नाही. उकिडवं बसून गाडी बघणाऱ्या माणसाला असलं काही विचारू नये.

आता हात बांधायची सवय कुठून लागली ते सांगतो.

आमच्या मागच्या गल्लीत आपा राहायच्या. उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. त्यांच्याकडे वडिलांनी आणलेली एक सर्कसगाडी होती, लहानपणची. तिची स्प्रिंग गेली होती. पेंटरांचा नाद ऐकून त्यांनी ती दुरुस्तीला दिली. तेव्हा पेंटरांचा संग्रह नवीन होता आणि उत्साह दांडगा. स्प्रिंग तर त्यांनी बसवलीच, वर सगळी गाडी नव्यानं रंगवून काढली. लाल इंजिन, पिवळे डबे, वाघाचे पट्टे ठसठशीत. झुल्यावरच्या बाईच्या चेहऱ्यावर ओरखडे होते. ते पुट्टीनं भरले, गाल गुलाबी केले. मला दाखवायला आणली तेव्हा मीही वाहवा केली. म्हणजे या गुन्ह्यात माझाही थोडा वाटा आहे.

आपांनी गाडी बघितली. बराच वेळ बघितली. मग म्हणाल्या, "भोत खूबसूरत बनाए भाई. पर ये हमारी नहीं."

ते ओरखडे म्हणजे मिशी होती. आपांच्या धाकट्या भावानं कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकानं त्या बाईला झुपकेदार मिशी काढली होती, आणि थोरली म्हणून मार आपांनी खाल्ला होता. भाऊ जाऊन खूप वर्षं झाली होती. "उसपे छोटे का हाथ था," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पेंटरांना चहा करायला उठल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पेंटर मला नंतर म्हणाले. वर चहा पिताना कळलं, की दोन महिन्यांनी आपा कायमच्या हैदराबादला लेकीकडं निघाल्या होत्या. पेंटर गाडी घेऊन तसेच परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर काउंटरवर हजर. "कापूस द्या. खोबरेल पण द्या."

"कुणाला लागलं?"

"गाडीला."

आधी त्यांनी डब्याच्या खालच्या अंगाला थिनर लावून पाहिला होता. वरचा रंग निघाला, पण त्याबरोबर खालची छपाईही निघाली. मग थिनर बंद. फक्त तेल, कापूस आणि नख. एक गोष्ट मात्र त्यांच्या पथ्यावर पडली. घाईत त्यांनी प्रायमर मारलाच नव्हता, त्यामुळं रंगाचे पापुद्रे सुटत होते. "जल्मात एकदाच कामात कसूर केली," ते म्हणाले, "तीच कामाला आली बगा!"

रोज संध्याकाळी मला बातमी मिळायची. "आज वाघाचे दोन पट्टे निघाले." "आज माकडाचं ढुंगण मोकळं झालं." माझी गिऱ्हाइकंही चौकशी करू लागली. महिना उलटला तरी बाईचा चेहरा बाकीच होता. मी कंटाळून म्हणालो, "पेंटर, द्या की तुमच्यातली एखादी चांगली गाडी त्यांना." दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मला ते दोन दिवस फार जड गेले.

तिसऱ्या दिवशी आले ते सुई मागायला. पुट्टी ओरखड्यांत घट्ट बसली होती आणि नख तिथं पोचत नव्हतं. मी इन्शुलिनची सर्वांत बारीक सुई दिली. भिंग मी धरलं. ज्या माणसानं शिडीवर उभं राहून हातभर अक्षरं एका दमात ओढली, तो सुई टेकवून लगेच उचलत होता.

"कशाला घाबरता?" मी म्हणालो.

"नवी रेघ पडली तर ती माझी व्हईल. त्याची नाय ऱ्हायची."

मिशीची उजवी बाजू निघायला चार दिवस लागले, डावीला पाच.

आपांच्या घरी गेलो तेव्हा सामान बांधून झालं होतं. पेंटरांनी गाडी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि दाराशी जाऊन उभे राहिले. आपांनी चष्मा काढला. डब्यांवरून अंगठा फिरवत आल्या. बाईच्या चेहऱ्यावर अंगठा थांबला, परत मागं गेला, परत पुढं. आणि त्या एकदम हसू लागल्या. "कमबख्त!" त्या पत्र्यालाच म्हणाल्या, "तेरे वास्ते मार खाई मैं!" हसता हसता डोळे पुसले, चावी दिली, गाडी फरशीवर सोडली. ती वळकट्यांमधून धावली आणि ट्रंकेवर आपटून उलटी झाली. चाकं वर फिरत राहिली. आम्ही तिघंही इतके हसलो, की शेजारची माणसं बघायला आली.

"ओळखली हो आपांनी!" रस्त्यात पेंटर मला म्हणाले. दुकानाशी येईपर्यंत पाच वेळा म्हणाले.

गेल्या वर्षी पेंटर गेले. एकोणीस गाड्या हर्सूलला लेकीच्या घरी आहेत, आणि ती त्या चालवते, कपाटात ठेवत नाही. मला ते कळलं तेव्हा फार बरं वाटलं. पेंटरांची आठवण येते, आणि येते तेव्हा बहुतेक हसूच येतं.

ते गेल्यावर महिन्याभरानं त्यांच्या मंडळी दुकानात आल्या. पदराखालून एक बाटली काढली. माझ्याच दुकानातली, खोकल्याच्या औषधाची, काचेची. आत लाल, पिवळे, गुलाबी पापुद्रे गच्च भरलेले. आपांच्या गाडीवरून निघालेला सगळा रंग.

"फेकू देत नव्हते," त्या म्हणाल्या. "म्हनायचे, येवढं चांगलं काम पुन्हा झालं नाय माझ्या हातनं. मेडिकलवाल्या भाऊंना द्या म्हनले."

बाटली काउंटरवर उभी असते. परवा एका बाईंनी ती उचलून उजेडात धरली आणि विचारलं, "हे कशावरचं औषध हो?"

"माझंच आहे," मी म्हणालो. "रोज सकाळी एकदा. नुसतं बघायचं."