धुऱ्याकडचा करडा पट्टा

मी चौथी शिकलो. त्याच्यापुढं जे आलं ते वावरातून आलं. तरी औंदा पोळ्याच्या आगेमागे मले मास्तर व्हावं लागलं.

उपग्रहाच्या फोटोवरून पीक ओळखणाऱ्या पोरापोरींचं शिबिर आमच्या अनसिंग गावाले लागलं होतं. सगळी कॉलेज झालेली. पण नुसत्या कॉलेजावर आता हे काम द्यायचं नाही. माणसाले काय काय आलं पाहिजे ते आधी ठरवायचं, मग शिकवायचं, मग परीक्षा घेऊन दाखला द्यायचा, असं त्यांच्या सरांनी मले सांगितलं. शिवार दाखवणारा माहितगार पाहिजे होता. घरात भिंती पाहत बसण्यापेक्षा बरं, म्हणून गेलो. बायको जाऊन पाच महिने झाले होते.

पहिल्या दिवशी फोटो दाखवला. हिरवं पीक त्याच्यात लाल दिसते अन् उघडी जमीन करडी. मी म्हटलं, तुमचा उपग्रह पिऊन आला काय. पोरं हसली. सर हसले नाहीत. उलट मलेच विचारलं, या कामाच्या माणसाले काय आलं पाहिजे. मी म्हटलं, धुऱ्याच्या बांधावरून उडीद अन् सोयाबीन सारखंच दिसते, तवा वावरात उतरा. अन् जे पाहिलं नाही ते लिहू नका. सरांनी ते आपल्या नियमाच्या कागदात घातलं. माझं बोलणं कोणी कधी लिहून घेतलं नव्हतं. बायको असती तर म्हणाली असती, कागदाची नासाडी.

परीक्षेत प्रत्येकाले दहा ठिकाणं होती. तिथं जाऊन पाहायचं अन् काय आहे ते लिहायचं. मागून सर तपासणार. दोन चुकली की नापास. रिसोडची एक पोरगी माझ्यासंगं होती. तिनं सकाळीच उडदाले सोयाबीन लिहून एक चूक करून ठेवली होती. दहावं ठिकाण निघालं माझंच वावर.

फोटोत वावर लालभडक, फक्त धुऱ्याकडं एक बारीक करडा पट्टा, अन् ठिकाणाची खूण नेमकी त्याच्यावर. त्या पट्ट्यात बायको घरच्यापुरतं पेरे. बरबटी म्हणजे चवळी, अंबाडी, थोडा तीळ. बी तिचं, हात तिचा, मी त्यात कधी शिरलो नाही. औंदा मी तो वखरून ठेवला, तण येऊ दिलं नाही. पेरला मात्र नाही.

पोरगी पट्ट्यात उतरली. म्हणाली, "आबाजी, इथं तर काहीच नाई. पडीत लिवू ना?"

आमच्याकडं ज्या जमिनीले कोणी वाली नाही, ती पडीत.

"बरबटी लिही," मी म्हटलं.

"कुठी हाये बरबटी?"

"दरसाल राह्यते."

तिनं खाली बसून माती हातात घेतली, वखराची रेघ पाहिली. कोण पेरत होतं ते विचारलं. मी सांगितलं. मग हातातली माती तिनं होती तिथंच परत ठेवली.

शेवटी म्हणाली, "तुमी म्हणसान तर लिवतो बरबटी. तुमाले बरं वाटन."

लिहिलंही असतं तिनं. मग सर आले असते, मातीच पाहिली असती, अन् पोरीचा दाखला गेला असता.

मी म्हटलं, "पडीत लिही. बुढी मेली माही. पडीतच हाये ते."

पाच महिने लोकांपुढं 'गेली' म्हणत होतो. 'मेली' त्या दिवशी पहिल्यांदा तोंडातून निघालं. पोरीनं मान खाली घालून लिहिलं.

दुपारी सर आले. धुऱ्यावर थांबले नाहीत, वावरात उतरले. पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले अन् कागदावर बरोबरची खूण केली. पोरीले दाखला भेटला. जाताना ती पाया पडली, मी नको म्हटलं.

बरबटीचं बी घरी गाडग्यात राखेत तसंच आहे. कीड लागली का ते पाहायचं रोज राहून जाते.