पालथा हात

कुठलीही बिघडलेली वस्तू समोर आली की तो आधी तिला पालथा हात लावायचा. काय झालं, कधीपासून झालं, कुणी पाडलं का, हे प्रश्न मागाहून. मिक्सर असो, इस्त्री असो, टेबलफॅन असो; उजव्या हाताची पालथी बाजू तिच्यावर टेकवायची आणि डोळे मिटायचे, आई तापलेल्या पोराचं कपाळ बघते तसं. घाईतल्या कुणी "मेस्त्री, होईल ना हो संध्याकाळपर्यंत?" म्हटलं, तर डोळे न उघडता उत्तर यायचं, "वायच थांबा. हात लावल्याशिवाय काय सांगू?"

पालथाच का, असं मी एकदा विचारलं होतं.

"तळव्याक शॉक लागलो तर मूठ आवळता, नानानू. मगे सुटना नाय. पालथो हात आपसूक मागे येता."

मंडळी, ही आपल्या चाळीची शेवटची स्मरणिका. पुढल्या वर्षी इथे पाडकामाचे पत्रे ठोकलेले असतील. सेक्रेटरींनी माझ्याकडे 'चाळीतलं एक माणूस' या विषयावर दोन पानं मागितली. मी कुणा भजनीबुवांवर लिहीन असं त्यांना वाटलं असणार. मी मेस्त्रीवर लिहितो आहे. रात्री उठून लिहितो. बायकोला, सुमनला, मी वयाचं कारण सांगितलं आहे.

त्याचं नाव मात्र लिहीत नाही. एकदा मी ते कमिटीसमोर पूर्ण घेतलं होतं. त्यानंतर ते माझ्या तोंडी शोभत नाही.

जिन्याखालची त्याची फळी तुम्ही सगळ्यांनीच पाहिली आहे. चार फूट लांब, वर एक लोंबता दिवा, डब्यांमध्ये स्क्रू, आणि कोपऱ्यात रंगाचे मऊ ब्रश. लोअर परळच्या मिलमध्ये तो हवा दमट ठेवण्याच्या खात्यात होता. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून मोठमोठे पंखे आणि पाण्याचे फवारे चालवायचे, जाळ्यांत अडकलेली रुई काढायची. मिल गेली, तिथे मॉल आला. तो एकदा मुद्दाम मॉल बघायला गेला आणि थंड हवा येते त्या झरोक्याला पालथा हात लावून आला. "बरो आसा वारो," एवढंच म्हणाला. पंख्यांवरून तो टीव्हीकडे वळला, टीव्हीवरून कॉम्प्युटरकडे. कुठे शिकलास म्हणून विचारलं की म्हणायचा, "हवा सगळीकडे एकच."

माझ्याकडे कॉम्प्युटर आला तो जावयाचा. त्याने नवा घेतला आणि जुना आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आणून ठेवला. त्यात एक ट्रक चालवायचा खेळ होता. मी जन्मभर शाळेच्या ऑफिसात कारकुनी केली. सायकलसुद्धा कधी घेतली नाही. गुडघ्यांनी जिना बंद केल्यावर मी रोज दुपारी परदेशातल्या रस्त्यांवरून सोळा चाकी ट्रक हाकायला लागलो. तुम्ही हसाल. तुम्ही हसाल, हीच भीती मला तेव्हाही होती. आपल्या गॅलरीत दार दिवसभर उघडं. जाणारा येणारा आत डोकावतोच. सत्तरीचा म्हातारा खेळ खेळतो, हे नळावर पोचायला किती वेळ लागला असता?

म्हणून कॉम्प्युटरचा तो खोका मी टीव्हीखालच्या लाकडी कपाटात ठेवला होता. खेळ सुरू झाला की आतला पंखा गिरणीसारखा घोंगावायचा. कुणाची चाहूल लागली की मी कपाटाचं दार लावायचो, आणि फटीत सुमनची गोधडी कोंबायचो. आवाज दबायचा. माणूस गेलं की गोधडी काढायची.

काही महिन्यांनी ट्रक अडखळायला लागला. सुरुवातीची वीस मिनिटं झक्क, मग झटके. वळणावर मी स्टिअरिंग वळवायचो आणि ट्रक दोन क्षणांनी वळायचा, तोवर कठड्यावर. व्हायरस असेल म्हणून मी जावयाला फोन केला, त्याने दुरून काहीतरी तपासलं. इंटरनेट बदललं. खेळ काढून पुन्हा घातला. शेवटी मेस्त्रीला वर बोलावलं आणि सांगितलं, "पत्रं टाइप करताना अडकतो रे."

त्याने पालथा हात लावला. डोळे मिटले.

"कधी अडकतो? सुरू केल्या केल्या?"

"नाही, वीसेक मिनिटांनी."

"टायपिंगान इतको ताप येना नाय, नानानू. काय खेळतास ता सांगा."

सुमन पदर तोंडाला लावून मोरीकडे गेली. मी उठून दार लोटून घेतलं आणि सांगून टाकलं. तो अजिबात हसला नाही. पडद्याच्या कोपऱ्यात त्याने एक आकडा आणून ठेवला, आतल्या प्रोसेसरचा ताप दाखवणारा, आणि म्हणाला, "चालवा आता. मी बघतंय."

मी चालवायला लागलो. पंचावन्न. सत्तर. सव्वीस जानेवारीच्या भाषणाला उभं राहिल्यासारखे माझे तळवे घामेजले. ब्याण्णव. सत्त्याण्णवला ट्रक अडखळला.

"ह्या बघा," तो म्हणाला. "तो थकलो. जळू नये म्हणून आपणच धीमो झालो. खेळाचो दोष नाय."

"आणि शंभरच्या वर गेला तर?"

"बंद पडता. शहाणो आसा तो. माणसां तशी नसतत."

त्याने खोका उघडला. आतल्या पंख्यावर आणि धातूच्या पात्यांवर करडी लोकर साचली होती. धूळ, गोधडीचे तंतू, वर सुमनच्या उदबत्तीची काजळी. "रुई," तो खुशीत म्हणाला, जुना मित्र भेटावा तसा. ब्रशने सगळं काढलं. प्रोसेसरवरची ताप खेचून घेणारी पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती. ती खरवडून वाटाण्याएवढी नवी लावली. पुन्हा खेळ चालवून पाहिला. आकडा एकाहत्तरवर थांबला.

मग त्याने कपाटाचं दार बोटाने ढकललं, गोधडीकडे पाहिलं आणि आत पडलेल्या एक्स्टेंशन बोर्डाला पालथा हात लावला. या वेळी डोळे मिटले नाहीत.

"ह्यो बदला. ढिलो झालो आसा. आणि दार उघडा ठेवा. गोधडी तर नकोच. कॉम्प्युटरचा भय नाय माका, तो आपला बघता. भय आजूबाजूचा. शंभर वर्सां सुकलेला लाकूड आसा ह्या चाळीत."

मी हो म्हणालो. खरंच म्हणालो.

त्यानंतर तो कधीकधी दुपारी यायचा, आकडा बघायला म्हणून. स्टुलावर बसून माझा ट्रक बघत राहायचा. "रस्त्यार एक गोरू नाय. कसलो देश ह्यो!" म्हणायचा. एकदा स्टूल पुढे ओढून विचारलं, "ह्यात कणकवलीचो रस्तो आसा काय?" नव्हता. मग आम्ही एक डोंगराळ वाट निवडली आणि तीच कणकवलीची समजून चाललो. तो मला वळणं सांगायचा. मला त्या दुपारी कशाचीच भीती वाटायची नाही.

बोर्ड मी बदलला नाही. आज आणतो, उद्या आणतो, तीन मजले कोण उतरणार.

त्या दिवशी सुमन जेवून खाटेवर झोपली होती. दोनच दिवसांपूर्वी मेस्त्री येऊन, खोका पुन्हा उघडून रुई झाडून गेला होता. मी खेळत होतो आणि गॅलरीतून सेक्रेटरींची हाक आली, "नाना, आहात का? खाली या, पुनर्विकासाच्या कागदावर सही हवी, सगळे खोळंबलेत." मी ट्रक थांबवलासुद्धा नाही. कॉम्प्युटरचा पडदा बंद केला, कपाटाचं दार ओढलं, गोधडी कोंबली आणि त्यांच्या खांद्याला धरून जिना उतरलो. खाली चहा आला. कुणीतरी कागद मोठ्याने वाचायला घेतला. पाऊण तास गेला.

वास कुणालाच आला नाही, त्याला आला. फळीजवळचा स्टूल पडल्याचा आवाज मी कमिटीच्या खोलीत ऐकला. मग जिन्यावर पावलं, दोन दोन पायऱ्यांची. सत्तरीला टेकलेला माणूस. त्याने कुणाची खोली म्हणून विचारलं नाही. ते त्याला माहीत होतं.

मी वर पोचलो तेव्हा गॅलरीत धूर होता आणि माणसं पोरांना उचलून पळत होती.  त्याने मेन स्विच पाडला होता. सुमनला खांद्यावर घेऊन बाहेर कठड्याशी बसवलं होतं. ती खोकत होती, डोळे मिटलेले.

आता जे लिहितो, त्यासाठी ही दोन पानं घेतली. मी आधी सुमनकडे पाहिलं नाही. मी कपाटाकडे पाहिलं, गोधडी दिसते का ते. दिसली नाही. धुमसणारी गोधडी त्याने हातांनी ओढून मोरीत टाकली होती आणि वर बादली ओतली होती. त्या गोधडीत एक नायलॉनची साडी होती. ती वितळून त्याच्या उजव्या हाताला चिकटली होती.

सुमन दोन दिवस हॉस्पिटलात राहिली आणि घरी आली. त्यानंतर कमिटी बसली. सगळ्या मजल्यांची माणसं होती. "पोरं होती वर, नाना," कुणी बाई रडत म्हणाली. सेक्रेटरींनी विचारलं, "झालं काय नेमकं?"  मला घराबाहेर काढतील असं वाटलं. मुलगी काय म्हणेल, सुमन काय म्हणेल असं वाटलं. मी त्याचं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणालो, "आगीच्या दोनच दिवस आधी त्यांनी कॉम्प्युटर उघडला होता."

एवढंच. शब्दन् शब्द खरा.

तो दाराशी उभा होता, हाताला पांढरं गुंडाळलेलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. सभेत तो नेहमी पुस्तकी बोलायचा. "हो," तो म्हणाला, "उघडला होता मी." आणि थांबला. माझ्याकडे बघत थांबला. दाराबद्दल, गोधडीबद्दल, बोर्डाबद्दल मी आता बोलेन म्हणून त्याने मला जागा करून दिली होती. कमिटीच्या घड्याळाचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी खाली बघितलं.

दुसऱ्या दिवशी जिन्याजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं तुम्ही वाचलं असेल: जिन्याखाली दुरुस्तीचे काम करण्यास मनाई आहे. त्याची फळी उचलली गेली. तीन बोटं आखडली होती, स्क्रू धरता येत नव्हता. पालथ्या हाताची कातडी अशी झाली होती की गरम आणि थंड त्याला सारखंच लागायचं. महिन्याभरात तो गावी गेला. पिशवीतून ते ब्रश बाहेर डोकावत होते. मी गॅलरीतून पाहिलं. खाली उतरलो नाही.

पुढे जावयाने तो खोका आणि जळका बोर्ड त्याच्या ओळखीच्या माणसाकडे नेले. तो माणूस म्हणाला, "आतलं काम फार सफाईदार केलंय कुणीतरी. प्रोसेसर ठणठणीत आहे, तापल्यावर आपोआप बंद पडला. जळलाय तो बोर्ड, कापडाखाली." हे मला सहा वर्षांपासून माहीत आहे. मी ते कुणालाही सांगितलं नाही.

एकदा धीर करून गावी फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. त्याने माझा आवाज ओळखला. गुडघे विचारले, सुमनला विचारलं. मी कागद उलगडतोय तोवर म्हणाला, "दार उघडा आसा मां?"

"आहे," मी म्हणालो. कागद न वाचताच घडी करून ठेवला.

गेल्या पावसाळ्यात तो गेल्याचं कळलं.

हा मजकूर मी आधी सुमनला वाचायला दिला. तिने चष्मा लावून सावकाश वाचला. मी भिंतीला टेकून उभा होतो, लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवताना उभा राहायचो तसा. शेवटी ती म्हणाली, "गोधडी मी शिवलेली. मोरीतले तुकडे मीच टाकले. मला कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून."

कमिटीला माझी विनंती आहे. याच स्मरणिकेत श्रद्धांजलीचं पान असेल, त्यावर त्याचं नाव तुम्ही छापा, आणि खाली लिहा की आग त्याच्यामुळे लागली नाही, त्याच्यामुळे विझली. मला काय म्हणायचं ते म्हणा. मी खोलीतच असतो.

सुमन अजून दुपारी त्याच खाटेवर झोपते. खोलीत आता फ्रीजचा बोर्ड आहे, टीव्हीचा आहे, नवे आहेत दोन्ही. ती झोपली की मी स्टूल ओढून त्यांच्यापाशी बसतो आणि पालथा हात लावून पाहतो. थोडे कोमट लागतात. इतकं कोमट चालतं की नाही, ते मला कळत नाही. ती उठेपर्यंत मी हात तसाच ठेवतो.