पत्र्याच्या छताची गाडी

अजूनही दुपारी डोळा लागला, की आमच्या पांढऱ्या अँबेसिडरच्या मागच्या सीटचा वास येतो. तापलेलं रेक्झीन, पेट्रोल आणि डब्यातले धपाटे. गाडी उभीच असते, पण मला वाटतं आपण कुठंतरी निघालोय. मी काचेला डोकं टेकवते आणि खुशाल जाऊ देते.

बाबांनी ती नांदेडला सरकारी लिलावात घेतली होती. साहेब लोकांनी वापरून सोडलेली, पण बाबांच्या मते 'मुरलेली'. अहमदपुरात तिनं काय नाही केलं! गल्लीतल्या चार नवऱ्या सासरी पोचवल्या, शेतातून तुरीची पोती आणली, मुदखेडला रेल्वेतून उतरणारे पाहुणे आणले. पुढच्या लांब सीटवर तिघं, मागं पाच, आणि मांडीवरची पोरं कुणी मोजत नसे. कधी कुरकुर नाही. बाबांना आमच्यापेक्षा तिचं कौतुक जास्त, असं आई म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

मग भूकंप झाला. औशाकडं दिलेली माझी मावशी घरात झोपली होती. मातीचं जड माळवद अंगावर आलं आणि ती गेली. त्यानंतर आईला डोक्यावर पत्र्याशिवाय काही चालेना. आमचं घर पत्र्याचं होतं म्हणून निभावलं. कुणाच्या स्लॅबच्या घरी गेली, तर ती अंगणातच बसायची, चहाही तिथंच प्यायची. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. भूकंप फळ्यावर काढून दाखवणारा माणूस, पण घरात त्यांची मात्रा चालली नाही.

दोन वर्षांनी मी दहावी झाले. मार्क चांगले पडले होते आणि मला डॉक्टर व्हायचं होतं. हुशार पोर म्हणजे लातूर, हे तेव्हा ठरलेलंच. हदगावापासून पोरं तिकडं क्लासला येत होती. खोली मिळाली ती नेमकी स्लॅबची. आई म्हणाली, "शिकू द्या की. पर माझी पोरगी स्लॅबखाली झोपनार न्हाई." मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी बाबा हळूच म्हणाले, "गाडीचं छत पत्र्याचंच हाय की."

अशी आमची गाडी लातूरला, घरमालकीण काकूंच्या फाटकाच्या आत, लिंबाखाली उभी राहिली. जेवण, पुस्तकं खोलीत, झोप गाडीत. बाबा मात्र एसटीनं फिरू लागले. दर रविवारी डबा घेऊन यायचे, बॅटरी उतरू नये म्हणून गाडी चालू करायचे, मला बसवून गंजगोलाईच्या बाजाराला एक चक्कर मारायचे आणि परत एसटी धरायचे. खोलीतल्या बाकीच्या मुली रोज सकाळी विचारायच्या, "कुठवर आली गं गाडी?" मी म्हणायची, "निलंग्यापर्यंत." हसायची खरी, पण लाज वाटायची. आईचा रागही यायचा. मावशीचं आठवलं, की मग रागाचीच लाज वाटायची.

तरी त्या सीटवर मी सुखी होते. दुपारच्या क्लासआधी लिंबोळ्या टपावर पडत असायच्या, पुस्तक छातीवर, आणि गाडी न हलता मला कुठं कुठं नेऊन आणायची. एकदा तर मी दवाखाना उघडून आले.

पौषात थंडी वाढली आणि मला ताप भरला. काकूंनी माझं काही न ऐकता मला त्यांच्या स्लॅबच्या खोलीत नेऊन निजवलं. दुसरा दिवस रविवार. बाबा आले, आणि कधी नव्हे ते सोबत आई. तिनं गाडीत डोकावलं. गाडी रिकामी.

"आत झोपलीय, ताप आहे," काकू म्हणाल्या.

मी पलंगावरून बघत होते. आई उंबऱ्याशी थांबली. तिनं वर बघितलं. नदीत उतरताना धरतात तसं लुगडं जरा वर धरलं, आणि आत आली. माझ्या उशाशी बसून तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला.

"आई, चल, बाहेर गाडीत जाऊ," मी म्हटलं.

"गप पड. बाहेर लई गार हाय."

ती संध्याकाळपर्यंत बसली. पाणी प्यायलाही उठली नाही. बाहेर बाबा एकच काच पुन्हा पुन्हा पुसत होते. आत आले तर तिला स्लॅब आठवेल, अशी त्यांना धास्ती असावी.

ताप उतरला तशी ती उठली आणि बाबांना म्हणाली, "गाडी घरी घिऊन चला. हिला हितंच झोपू द्या."

काकूंच्या आधारानं मी दारापर्यंत आले. बाबांनी गाडी चालू केली. एका फटक्यात लागली. आई पुढच्या सीटवर बसली. फाटकातून बाहेर पडताना ती वळली, आणि तिनं माझ्याकडं नाही, माझ्या डोक्यावरच्या स्लॅबकडं बघून हात जोडले.