माझ्या मानेच्या चकत्या

शिवारात कापूस फुटून पांढरा झाला होता आणि मी घरात गळ्याला पट्टा बांधून बसले होते. याच्यासारखी शिक्षा न्हाई. वेचणीला गेलं की बायांच्या तोंडून अख्ख्या वडीगोद्रीची खबर कळते. घरात काय, भिंतीशी बोलायचं?

मान दुखायची, खांद्यात कळ उतरायची, म्हणून लेकानं औरंगाबादला नेऊन एमआरआय काढला. फिल्म हातात आली, पण मोठे डॉक्टर परगावी गेल्ते, ते आठवड्यानं भेटणार होते. तोवर लेकाचा हुकूम, शेतात पाय ठेवायचा न्हाई.

आमच्याकडं माणूस दवाखान्यातून आलं की सगळे भेटायला येतात, आणि त्यांना फोटो दाखवावाच लागतो. न्हाई तर दुखणं खोटं ठरतं. मालक खिडकीच्या उजेडाला फिल्म धरून उभे राहायचे.

थोरल्या जाऊबाई आल्या, चष्मा चढवला आणि बघतच राहिल्या. एक्सरेत एकच मान असते. ह्या फिल्मवर ओळीनं बारकी बारकी चित्रं.

"अगं बाई! एवढ्या ठिकाणी मोडलंय?"

"मोडलं न्हाई हो, घासलंय म्हणतात."

"तू गप बस. बोललं की मान हलती."

एकेका चित्रावर बोट ठेवून त्या हळहळायला लागल्या. शेजारीण म्हणाली, "माझ्या भावाची एकच जागा खराब होती, तरी ऑपरेशन झालं. हिचं तर बघा!"

मालकांनी हळूच मला विचारलं, "पाणी पाहिजे का?"

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा विचारलं त्यांनी. मंग मात्र मी खरंच घाबरले.

आठवड्यानं मोठ्या डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या मी विचारलं, "साहेब, यातल्या किती जागा नीट होतील?"

ते आधी गोंधळले, मग हसले. "मावशी, मान एकच आहे. काकडीच्या चकत्या करतो ना, तसे मशीननं तिचे काप दाखवलेत. मणक्यांमधल्या गाद्या वयानं सुकल्यात, एक जरा फुगलीय. नस दबलेली नाही. तुमच्या वयाच्या धडधाकट बायांना मशीनमध्ये घातलं, तरी बऱ्याच जणींचं असंच दिसेल."

त्यांनी मुठी आवळायला लावल्या, कोपरावर हातोडी मारली. "ऑपरेशन नको. पट्टा काढा, व्यायाम करा. हातातली ताकद गेली, चालताना तोल गेला, तर मात्र लगेच यायचं."

"आणि वेचणी?"

"न्हाईच म्हणा साहेब," लेक मधेच बोलला.

"वेचा की. मधे मधे सरळ उभ्या राहा. डोक्यावर गाठोडं मात्र बिलकुल नको."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी कापूस वेचायची ओटी कमरेला बांधून मी शेतात. जाऊबाई म्हणाल्या, "डॉक्टरनं तुझ्या समाधानासाठी सांगितलं असंल गं." असू दे म्हटलं.

दुपारी त्याच मान चोळत उभ्या राहिल्या.

"चला, काढून आणू तुमचाबी फोटो," मी म्हटलं.

"नगं गं बाई!" म्हणत अशा तरातरा घराकडं निघाल्या, की कापसाचं गाठोडंबी विसरल्या. माझ्या सुनेनं त्यांचं आन माझं, दोन्ही गाठोडी उचलली. मी आपली मोकळ्या डोक्यानं, बोलत बोलत घरी आले.