गच्चीवरच्या खोलीची खिडकी

रियाधमध्ये मी इमारतींचे नकाशे काढतो. माझ्या घरमालकाला गच्चीवर नियमापेक्षा मोठी खोली बांधायची होती, म्हणून त्याने बलदियाकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, सवलतीचा अर्ज केला. नकाशा अर्थातच माझा होता. चारही बाजूंची अंतरं मी तीन वेळा तपासली होती, कारण अडवतील तर तिथेच, याची मला खात्री होती.

पाहणीला समितीचे तिघे आले. मी टेप घेऊन उभाच होतो. तिकडे कुणी बघितलंही नाही, तेव्हा मला जरा रागच आला. त्यांच्यातल्या वयस्कर गृहस्थांनी एवढंच विचारलं, "खिडकी कुठल्या बाजूला?"

"उत्तरेला," मी माझ्या मोडक्या अरबीत ऐटीत सांगितलं. "वारा छान येईल."

उत्तरेला शेजाऱ्याचं अंगण होतं. ते गृहस्थ खिडकीच्या जागी गेले आणि अंगणाकडे पाठ करून उभे राहिले. दुसऱ्याच्या घरात डोकावायचं कसं? मग त्यांनी शेजाऱ्याला फोन करून अंगणात यायला सांगितलं आणि विचारलं, "मी तुम्हाला दिसतो का?"

दिसत होते. खलास. खोली मंजूर झाली, पण खिडकी माणसाच्या डोक्याच्या वर न्यायची, या अटीवर.

संध्याकाळी ठाण्याला फोन करून हे सगळं आईला सांगितलं. तिच्या खिडकीसमोर, हाताच्या अंतरावर, शेजारच्यांचं स्वयंपाकघर आहे.

ती काळजीने म्हणाली, "मग शेजारी आज काय शिजलंय, हे त्या लोकांना कळतं तरी कसं रे?"